खंडाळ्याच्या बंगल्यावरचे समीक्षक

मराठीत आजवर जेवढे समीक्षक होऊन गेले त्यांच्यापैकी एकालाही हिरवळ कापता येत नव्हती, आणि आपल्या समीक्षेचं जे काही झालं आहे ते त्यामुळेच झालं आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. हे मत बनायला कारण आमचे आबा. आमचे म्हणजे नात्याने कुणीच नव्हेत. खंडाळ्याला घाटाच्या कडेला एका डॉक्टरांचा जुना दगडी बंगला होता, त्याची राखण पन्नासएक वर्षं आबांकडे होती. मी लोणावळ्याच्या वाचनालयात ग्रंथपाल, म्हणजे मीही राखणदारच. दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूंवरची धूळ झटकायची, हा आमचा दोघांचा समान व्यवसाय. फरक एवढाच की आबा झटकता झटकता वाचत आणि मी वाचल्यासारखं करत झटकतो. आबा उंच, वाळके, डोक्याला मफलर, पायात गमबूट, आणि हातात कायम काहीतरी कापायचं हत्यार. अशा अवतारात तो माणूस वाचनालयात शिरला की कवितेच्या कपाटापाशी रेंगाळणारे दोन-तीन कवी घाईने घरी जात.

आबांचं साहित्यशिक्षण मुंबईहून येणाऱ्या लेखकांनी केलं. डॉक्टर वारल्यावर त्यांच्या बाई मुंबईचं घर लेकीवर सोपवून कायमच्या खंडाळ्याला आल्या, वरच्या मजल्यावर राहू लागल्या आणि खालचा मजला आठवड्याच्या बोलीवर भाड्याने देऊ लागल्या. तिथे मालिका लिहिणारी मंडळी उतरत. त्यांना म्हणे मुंबईत सुचत नाही. खंडाळ्यातही सुचत नसे, पण हवा चांगली असल्यामुळे न सुचण्याचा त्रास जरा कमी होई. दिवाणखान्यात एक पांढरा फळा उभा करायचा, मधोमध रेघ मारायची, एका बाजूला लिहायचं नायकाचा अंतर्गत संघर्ष, दुसऱ्या बाजूला बाह्य संघर्ष, आणि मग चार दिवस त्या रेघेकडे बघत भजी खायची, अशी त्यांची कामाची पद्धत होती. आबा दिवसातून आठ वेळा चहा घेऊन जात. चहा ठेवायला दोन मिनिटं लागतात, आबांना वीस लागत. एकदा त्यांनी त्यातल्या एका मुलीला सरळ विचारलंच की हे दोन बाजूंना काय लिहिलंय. मुलगी बिचारी चांगली होती. तिने सांगितलं, जग माणसाच्या आडवं येतं तो बाह्य, आणि माणूस स्वतःच्याच आडवा येतो तो अंतर्गत. "म्हंजी भाईरचा तरास आनि आतला तरास," आबा कप गोळा करत म्हणाले. या विषयावर लोकांनी जाडजूड प्रबंध लिहून पदव्या घेतल्या आहेत. आबांनी तो विषय ट्रेमध्ये मावेल एवढा करून स्वयंपाकघरात नेला.

त्यानंतर त्या लेखकांची धडगत राहिली नाही. खंडाळ्याच्या खिडकीतून समोर दरी दिसते, त्यामुळे खंडाळ्यात लिहिलेल्या प्रत्येक मालिकेत कुणी ना कुणी दरीत पडतं, हा शोध आबांचा. तिसऱ्या वर्षी एका लेखकाने नायकाच्या सासऱ्याला कड्यावर नेऊन उभं केलं तेव्हा आबा चहा ठेवता ठेवता म्हणाले, "साहेब, येक डाव खाली नेरळच्या सपाटीला जाऊन लिवा, बघू कोन कुटं पडतंय." लेखक चिडला. त्याने बाईंकडे तक्रार केली की तुमचा माणूस आमच्या कामात ढवळाढवळ करतो. बाईंनी आबांना वर बोलावून पाच मिनिटं बोलणी घातली आणि सहाव्या मिनिटाला विचारलं, "मग सासरा पडला का?"

बाई वाचनालयाच्या सभासद होत्या आणि त्यांची पुस्तकं न्यायला-आणायला आबा येत. पुस्तक बाईंच्या हातात पडण्याआधी आबा ते बाहेरच्या पायरीवर बसून वाचून काढत, त्यामुळे बाईंना ते आठवडाभर उशिरा मिळे. पण परत करताना आबा तोंडी शेरा देत आणि तो ऐकायला मी टेबलावरची कामं बाजूला सारत असे. एका ऐतिहासिक कादंबरीबद्दल ते म्हणाले, "ह्याला भाईरचा तरास लय. पूर येतो, आग लागती, बायकू पळून जाती. पन आत बघावं तर रिकामी खोली." एका बक्षीसपात्र कादंबरीबद्दलचा शेरा तर मी वहीत उतरवून ठेवला होता: "तीनशे पानं मानूस खिडकीत बसून रडतोय. आतला तरास हाय, कबूल. पन ह्याला भातलावणीला न्या, चार दिसांत बरा हुईल." ती कादंबरी पुढे अभ्यासक्रमाला लागली. त्या मुलांना कुणी लावणीला नेलं की नाही, कल्पना नाही.

बरं, हे सगळं पुस्तकांपुरतं राहिलं असतं तर मला कौतुकच होतं. पण आबांनी अख्ख्या मावळ तालुक्याचं वर्गीकरण करायला घेतलं. कामशेतच्या बाजारात तांदळाचा व्यापारी आणि गिऱ्हाईक भांडत असले की आबा पिशवी खाली ठेवून तिथे उभे राहत आणि भांडण संपल्यावर दोघांनाही निकाल सांगत. बाजारपेठेतल्या एका चिक्कीवाल्याला त्यांनी भर दुकानात सांगितलं की तुम्हाला आतला त्रास आहे, तुम्हाला चिक्की आवडत नाही. तो माणूस पांढराफटक पडला. तीस वर्षांत त्याने ही गोष्ट बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून दारात आला तर आबांनी त्याला शांतपणे विचारलं, "ते रस्त्याचं, पान्याचं ऱ्हाऊ द्या. तुमाला सोताला काय पायजे?" उमेदवार बराच वेळ विचार करत उभा राहिला आणि मग म्हणाला, झोप. आबांनी त्याला मत दिलं. तो पडला.

वाचनालयात आम्ही एकदा पुण्याहून एका प्राध्यापकांना 'कादंबरीतील संघर्षाची द्विस्तरीय रचना' या विषयावर बोलायला बोलावलं होतं. सव्वा तास ते बोलले. श्रोते अकरा, त्यातले चार कार्यकारिणीचे, म्हणजे उठता न येणारे. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर मागून आबा उठले. "आमच्या बंगल्यावर कुत्रं हाय. पाववाला आला की त्याच्यावर जीव खाऊन भुकतं. त्यो गेला की गेटापाशी बसून कुईकुई करतं. ह्यो कंचा तरास म्हनायचा?" प्राध्यापक पाणी प्याले. मग म्हणाले की हा प्रश्न मूलभूत आहे आणि आभारप्रदर्शनाची वेळ झाली आहे.

आणि एक जुनी जखमही इथेच सांगून टाकतो. मी एका दिवाळी अंकात कथा लिहिली होती. आयुष्यातली एकच. ती मी भीतभीत आबांना वाचायला दिली. ती दुसऱ्याच दिवशी परत आली, हीच मुळात वाईट खूण. आबांनी मफलर सोडून पुन्हा बांधला आणि म्हणाले, "मानूस चांगला हाय तुमचा. पन त्याला भूक लागत न्हाई, सर. इतकी पानं झाली, त्याला कायच पायजे न्हाई." मी हसून साजरं केलं. घरी येऊन बायकोला म्हणालो की गवत कापणाऱ्या माणसाला साहित्यातलं काय कळतं. ती म्हणाली, तिलाही कथा वाचताना असंच वाटलं होतं. त्या दिवसापासून आबांची कधीतरी परतफेड करायची, हे मी मनाशी पक्कं केलं. मी तसा क्षमाशील माणूस आहे, पण कथेच्या बाबतीत नाही.

ती संधी मला गेल्या वर्षी गणपती झाल्यावर मिळाली. पण ती सांगण्याआधी मला नंतर कळलेली गोष्ट वाचकांना आधीच सांगतो. उत्कंठा वाढवण्याची कला मला येत नाही, हे आता गुपित राहिलेलं नाही.

बाईंना एकच मुलगी. आबा तिला ताई म्हणत. लहानपणी सुट्टीत ती खंडाळ्याला आली की आबांच्या खांद्यावरून खाली उतरत नसे. आबा हे नावसुद्धा तिनेच दिलेलं, वयाच्या दुसऱ्या वर्षी, जेव्हा आबांना स्वतःचं मूलही झालं नव्हतं. ही ताई आता पन्नाशीला आली, मुंबईत मोठ्या नोकरीत. शहाऐंशी वर्षांची आई घाटाच्या कडेला एकटी राहते हे तिला सोसवेना. बंगला विकायचा, मुंबईत जरा मोठं घर घ्यायचं, आईला तिची स्वतंत्र खोली द्यायची, असं तिने ठरवलं. मुलीने आईसाठी याहून चांगलं काय ठरवायचं? गिऱ्हाईकही मिळालं. मग गिऱ्हाइकाच्या वकिलाने सातबारा काढला आणि अडलं. बंगल्याची मूळ जमीन आबांच्या वडिलांची, ती डॉक्टरांनी रीतसर घेतलेली. पण विहीर आणि तिच्यालगतची नोकरांची खोली एवढा तुकडा चुकून वडिलांच्याच नावावर राहून गेलेला. आबांनी सही केल्याशिवाय व्यवहार पुढे सरकेना. सगळ्यांना वाटलं, त्यात काय, आबा तर काय, आत्ता करतील. आबा म्हणाले, "बघू."

आबांचा मुलगा तळेगावला कारखान्यात आहे. तो म्हणाला, आबा, सही फुकट करू नका, जन्म घालवलाय तिथं, आपल्याला दोन खोल्या तरी बांधून द्या म्हणावं. त्यालाही आबा म्हणाले, "बघू." ताई तीन वेळा मुंबईहून आली. तिसऱ्या वेळी तिने विचारलं, तुम्हाला नक्की काय पाहिजे ते तरी सांगा. ज्या माणसाने हा प्रश्न अख्ख्या तालुक्याला विचारून झाला होता, तो विहिरीकडे बघत उभा राहिला. "मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," ताई म्हणाली आणि गाडीत बसली. खंडाळ्यात एका दिवसात बोभाटा झाला की म्हाताऱ्याने अडवून धरलंय, एवढं मीठ खाऊन शेवटी जातीवर गेला, आणि बरंच काही.

कारण एवढंच होतं की सहीची गोष्ट निघण्याच्या महिनाभर आधी बाईंनी आबांना म्हटलं होतं, मला इथून नेऊ देऊ नकोस रे. आणि हे लेकीला कळू देऊ नकोस, तिला वाटेल आईला माझ्याकडे यायचंच नाही. लेकीसमोर बाई म्हणत, तुला योग्य वाटेल ते कर. म्हणजे लेकीचं मन बाईंनी राखायचं आणि बाईंचं घर आबांनी राखायचं, अशी ही कामाची वाटणी झाली होती. आबांनी सही केली तर बाई जाणार. सही का करत नाही हे सांगितलं तर बाईंचा शब्द जाणार. आणि दोन्ही केलं नाही तर जिला खांद्यावर वाढवली त्या पोरीच्या लेखी आबा चोर ठरणार. बाई राहतील आणि आपण चोर होऊ, हा पर्याय आबांनी निवडला आणि कुणाला काही न बोलता बागेला पाणी घालू लागले.

यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं. गणपती झाल्यावर एके दिवशी आबा पुस्तक न घेता आले, वर्तमानपत्रांच्या टेबलावर उगाच बसून राहिले, आणि गर्दी ओसरल्यावर माझ्यासमोर आले. "सर, येक इचारू? येका कादंबरीत येक मानूस हाय," त्यांनी सुरुवात केली. मग नावंगावं बदलून सगळं सांगितलं. बंगल्याच्या जागी होडी होती, बाईंच्या जागी होडीचा म्हातारा मालक होता, ताईच्या जागी त्याचा मुलगा. "त्यो बोलला तरी वाईट, न बोलला तरी वाईट. दोनी कडनं शिव्या खातो. आनि गप बसतो. असा मानूस तुमाला कसा वाटतो?"

मला माझ्या कथेतला भूक न लागणारा माणूस आठवला. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. इतक्या वर्षांत माझ्या त्या खुर्चीला प्रथमच काहीतरी वजन आल्यासारखं वाटलं. "आबा, खोटा वाटतो," मी म्हणालो.

"खोटा?"

"अगदी खोटा. असा माणूस नसतो. एवढ्या शिव्या खाऊन कुणी गप्प बसत नाही. वाचक म्हणेल, लेखकाला शेवट सुचला नाही म्हणून त्याने याला मुका करून ठेवलाय. शिवाय त्याला स्वतःला काय मिळालं? काहीच नाही. मग कशाला वाचायची ती कादंबरी?"

"व्हय," आबा म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "व्हय, तसं बी असंल." त्यांनी मफलर सारखा केला आणि निघाले. मी त्या दिवशी घरी शीळ घालत गेलो. बायकोने विचारलं, काय झालं? म्हणालो, आज आबांना साहित्य शिकवलं.

थंडीत आबांचा गुडघा दुखावला म्हणून बाईंची पुस्तकं मीच पोहोचवायला गेलो. बाई गच्चीत शाल घेऊन बसल्या होत्या. समोर दरी, खाली घाट चढणाऱ्या गाडीचा आवाज. खालच्या अंगणात आबा लंगडत पानं गोळा करत होते. बाई त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "माझ्यापायी किती शिव्या खातोय बिचारा." आणि मग त्यांनी मला सगळं सांगितलं, माझ्याकडूनही कुणाला न सांगण्याचा शब्द घेऊन. मी मान डोलावली. होडी, होडीचा म्हातारा, त्याचा मुलगा, सगळं मला एकेक करून कळत गेलं. जिना उतरताना मला माझ्या चष्म्याची, खुर्चीची आणि शीळ घालण्याची इतकी लाज वाटली की आबांसमोरून मी मान खाली घालून गेलो. "पुस्तक कंचं आनलं?" त्यांनी विचारलं. मला नाव आठवेना.

फाल्गुनात बाई गेल्या. त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच खिडकीशी, सकाळचा चहा पिऊन झाल्यावर. आबांनी चौदाव्या दिवशी, कुणी न बोलावता, एसटीने वडगावला जाऊन वकिलासमोर सही केली. काही मागितलं नाही. मुलगा महिनाभर बोलला नाही त्यांच्याशी. ताईला वाटलं, म्हातारा शेवटी दमला. तिने त्यांची भेटही घेतली नाही. आईला मुंबईला न्यायचं राहून गेलं, ते याच माणसामुळे, हे तिच्या मनात होतं. आबा पिशवी घेऊन तळेगावला मुलाच्या फ्लॅटवर गेले. गावाची चर्चाही थोड्या दिवसांनी दुसऱ्या कुणाकडे वळली. आणि मी? मी गप्प बसलो. 'शांतता राखा' अशी पाटी डोक्यावर लावून इतकी वर्षं काढलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार? बाईंची वर्गणी ताईच भरत असे, त्यामुळे तिचा नंबर माझ्याकडे होता. मनात रोज दहा वेळा ताईला फोन लावत होतो आणि रोज दहा वेळा बाईंना दिलेला शब्द पुढे करून ठेवून देत होतो. खरं सांगायचं तर तो शब्द नव्हता, भीती होती. तुम्हाला आधी कळलं असून तुम्ही गप्प कसे बसलात, असं तिने विचारलं तर?

गेल्या महिन्यात तळेगावला गेलो. चौथा मजला, छोटी गॅलरी, समोर दुसऱ्या इमारतीच्या गॅलऱ्या. आबा गमबुटाशिवाय मला जरा अनोळखीच वाटले. पुस्तक वाचत नाही म्हणाले, डोळ्यांचं कारण सांगितलं. सुनेने चहा केला. इकडचं तिकडचं बोलून झालं. तरीही त्यांनी ज्या एका गोष्टीसाठी माझी वाट पाहिली होती ती काही ओठांवर येईना. मी उठलो तेव्हा आली.

"ताईचा फोन येतो का हो तुमाला कवा?"

"नाही. का?"

"काय न्हाई. रागावली असंल अजून." त्यांनी गॅलरीचा कठडा हाताने पुसला, स्वच्छच होता तो. "ल्हानपनी रागावली की जेवायची न्हाई. मग मलाच भरवाया लागायचं."

मी म्हणालो, "आबा, मी सांगतो तिला सगळं. आजच सांगतो."

"नगं. बाईंनी नगं म्हनलंय."

"बाई गेल्या आता, आबा."

"म्हून काय झालं?" ते म्हणाले.

मी चपला घातल्या आणि जिना उतरलो. लिहिणाऱ्यांनी खंडाळ्याच्या हवेत फळ्यावर कितीही रेघा मारल्या तरी असा माणूस त्यांना सुचणार नाही, आणि सुचला तर माझ्यासारखा कुणीतरी त्यांना सांगेल की खोटा आहे, काढून टाका. माझं या माणसावर फार प्रेम आहे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांनी ते ऐकून मफलर बांधला असता आणि विषय बदलला असता.

तळेगाव स्टेशनावर लोणावळ्याची गाडी यायला पाऊण तास होता. मी बाकावर बसलो आणि ताईला फोन लावला. बाईंचा शब्द मोडला, आबांचाही मोडला. पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, माझा शहाणपणा धरून. ती मध्ये एकदाही बोलली नाही. फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा बघितलं.  मी तयारी ठेवली होती ती, तुम्ही गप्प का बसलात, या प्रश्नाची. तो तिने विचारला नाही.

"जेवतात का नीट?" तिने विचारलं.

मग पत्ता मागितला. मी इमारतीचं नाव, मजला, शेजारचं हनुमानाचं देऊळ, सगळं सांगितलं. जरा वेळाने तिने पुन्हा सांगायला लावलं, पहिल्यांदा तिला लिहून घेता आलं नव्हतं.